पट्टा नसलेल्या कुत्र्यांचा धनी

फोन वाजला तेव्हा माझ्या तोंडात पोहे होते. वरंधच्या वरच्या वाडीत राहणाऱ्या माझ्या चुलतभावाच्या, गणूदादाच्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात ठरायचं होतं. पुतण्याचा आवाज ऐकताच मी ओरडलो, "पेढे आणल्याशिवाय महाडात पाऊल टाकू नकोस!" तो म्हणाला, "काका, बाबा गेले." सुतकाच्या फोनवर पेढे मागणारा माणूस आमच्या घराण्यात मीच.

दादा गेला तो कुत्रा चावून. ज्या रोगावर लस आहे, त्या रोगानं. हे लिहिताना अजून डोकं तापतं. सणाला मुंबईकर आले की वाडीतली कुत्री मटणाच्या हाडांवर पोसली जातात. घरांना कुलपं लागली की तीच उपाशी भटकतात. मध्यंतरी गावात कुत्र्यांना लस टोचायचं शिबिर झालं. बॅनर लागला, नारळ फुटला, आंघोळ घातलेली चार पाळीव कुत्री टोचून घेऊन घरी गेली. दादा उठून म्हणाला, "गल्यात पट्टा हाय त्याला सुई, नि धनी नाय त्याला काय नाय? रोग काय पट्टा बघून येतो रे?" एक पुढारी म्हणाला, "मग तुम्हीच व्हा की त्यांचे धनी!" सभा खो खो हसली. फोटो झाले, गाडी गेली.

पुढे एक पिसाळलेलं कुत्रं त्याच्या करडावर धावलं. सोडवताना दादाचा तळहात फाटला. त्यानं जखम साबणानं धुतली, जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतलं. लस अंगी लागेपर्यंत रोग थोपवणारं, जखमेत सोडायचं औषध मात्र तिथे नव्हतं. दुसऱ्या दवाखान्यात म्हणाले, संपलंय, पुढे जा. "कुत्र्यासारखा हाकलतायत रे मला," फोनवर तो हसत होता... लावणी तोंडावर होती, तो घरी परतला. पुढची इंजेक्शनं चुकवली नाहीत, म्हणून आम्ही निर्धास्त. ओढ्याकाठी जन्म काढलेला तो माणूस शेवटी पाण्याचा पेला पाहून थरथरत होता, हे पुतण्यानं नंतर सांगितलं.

बाराव्याला कुणी म्हणालं, "नशीब." दुसरा कुत्र्यांना विष घालायच्या गोष्टी करू लागला. मी ताडकन उठलो. "ही मारा, उद्या दुसरी येतील, तीही बिनलशीची! धरून टोचायला कुणी हात लावणार आहे का?" एकेक जण चपला शोधू लागला. मला वाटलं, सभा जिंकली.

परतताना रिक्षात बायको म्हणाली, "बोललात छान हो. आपल्या जिन्याखाली ती भटकी कुत्री व्यालीय. भाकरी मी टाकते... धरायला तुम्ही येताय ना?"