घोड्याची डोणी

सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये एकतीस वर्षं उभ्याने काढल्यावर ग्लेनिस बरिजच्या गुडघ्यांना एकच गोष्ट हवी होती, गळ्यापर्यंत कढत पाणी. नव्या घरात नेमकं तेच नव्हतं. ह्युऑन खोऱ्यातलं जुनं लाकडी घर, पुढे नदी, मागे चढावर कुरण. राहायला गेल्यावर छप्पर ठिबकायला लागलं आणि दुसऱ्याच आठवड्यात न्हाणीघराची जमीन शॉवरसकट खाली बसली. तेव्हापासून चार महिने ती किटलीत पाणी तापवून अंग पुसत होती. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण एकसष्टाव्या वर्षी ते कंबर वसूल करते.

जुलै म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा; थंडी हाडांत शिरली आणि तिने हात टेकले. धाकटी बहीण मर्ल होबार्टहून रोज फोनवर तेच ऐकवायची, "मी तेव्हाच सांगितलं होतं. पण तू ऐकशील तर शपथ! विकून टाक ते खोपट आणि माझ्याकडे ये." गिऱ्हाईकही तिनेच शोधलं. रविवारी अकराला घेऊन येते म्हणाली. ग्लेनिसने 'बरं' म्हटलं, कारण नाही म्हणायला त्राण लागतं. जन्मभर भाड्याने राहिलेल्या बाईचं हे पहिलं स्वतःचं घर. फोन ठेवून ती थोडी रडली, मग चहा केला.

शनिवारी, निदान कुरण तरी बरं दिसावं म्हणून ती विळा घेऊन वर गेली. तिथे शेजारच्या ॲथोल डिरीनचा म्हातारा घोडा चरायचा आणि ब्लॅकबेरीच्या काट्यांत बुडालेल्या एका डोणीत पाणी प्यायचा. ती डोणी ग्लेनिसच रोज नळीने भरायची. काटे छाटून तिने आतलं शेवाळ खरवडलं, तर खालून पांढराशुभ्र मुलामा निघाला. मग चिखलात रुतलेला नक्षीदार लोखंडी पाय दिसला. मग एका टोकाला, लाकडी बूच ठोकलेलं भोक. ग्लेनिसने ओल्या गवतात बसकण मारली.

"ॲथोल! हा आंघोळीचा टब आहे!"

"मग?" कुंपणापलीकडून ॲथोल म्हणाला. "अगं, घरोघरी शॉवर आले तसे या खोऱ्यातले सगळे टब गुरांकडे गेले. माझ्या आईच्या टबावर वासरांच्या तीन पिढ्या वाढल्या."

"मेल्या, मी इथे फडक्याने अंग पुसतेय आणि तुझा घोडा टबात पितोय! सांगायचं नाही होय?"

"तू विचारलंस कधी?"

"आता सांगून काय उपयोग? न्हाणीघराला जमीनच नाही."

"आत न्यायचाय कशाला? पायांखाली विटा घाल आणि खाली जाळ कर. पण बुडाखाली फळी ठेव हं. माझ्या बापाने नव्हती ठेवली, आठवडाभर उभ्याने जेवला."

संध्याकाळपर्यंत त्याने घोड्याला एक पिंप आणि तिला छाटलेल्या सफरचंदाच्या फांद्यांची मोळी आणून दिली.

रविवारी गवतावर दहिवर गोठलं होतं. दहाच्या सुमाराला पाण्यातून वाफा निघू लागल्या. गिऱ्हाईक यायच्या आत अर्धा तास, एवढंच तिने ठरवलं होतं. पाणी गळ्यापर्यंत आलं आणि तिच्या तोंडून असा काही हुंकार निघाला की घोड्याने मान वर केली. इतकं सुख झालं की तिला लाजच वाटली. छपरापलीकडे नदी दिसत होती. चार महिन्यांत तिने ती धड पाहिलीच नव्हती.

गाडी आल्याचं तिला कळलंच नाही. "ग्लेनिस! अगं, आहेस कुठे? पाहुणे आलेत!" म्हणत मर्ल घराच्या कोपऱ्यावरून वर आली, मागे टाय लावलेले एक गृहस्थ. दोघं जागच्या जागी थांबली. गृहस्थ घाईघाईने घोड्याकडे बघू लागले.

"बाई गं! लाज आहे का काही? आधी बाहेर ये!"

ग्लेनिस हनुवटीपर्यंत खाली सरकली. गुडघे कुठे आहेत तेही तिला जाणवत नव्हतं.

"नाही येत," ती म्हणाली. "घर विकायचं नाहीये, मर्ल. यांना चहा दे आणि पाठव. आणि जायच्या आधी तेवढी दोन लाकडं आत सरकव, पाणी निवायला लागलंय."