आप्पांचं एकुलतं एक वाक्य

हसणार असाल तर आधी चहा संपवा बुवा. नंतर ठसका लागला तर मला बोल लावू नका!

पन्नास सालानंतरची गोष्ट, आम्ही डोंबिवलीत राहायचो. शेजारी आप्पा. कचेरीत कारकून, पण तरुणपणी एका सिनेमात काम केलेलं. मुके सिनेमे जाऊन बोलपट यायला लागले, त्या धामधुमीतला सिनेमा. त्यात आप्पा द्वारपाल, आणि त्यांना चक्क एक वाक्य!

"कुठलं वाक्य, आप्पा?"

"पडद्यावरच ऐका," आप्पा मिशीला पीळ देत म्हणायचे.

ऐकणार कुठून? सिनेमा कधीच गडप झालेला. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "अरे, मला तरी कुठे सांगितलंय? असलं तर सांगतील ना!"

झालं! अख्खी आळी आप्पांना थापाड्या म्हणायला लागली. मला मात्र राहवेना. काय बोलला असेल हो हा माणूस?

आणि एक दिवस गावोगाव सिनेमे दाखवणाऱ्या ठाण्याच्या एका मशीनवाल्याकडे मला तोच सिनेमा सापडला! गणपतीत दाखवायचा ठरला. आप्पांनी नवा कोट शिवला. मोहने गावाहून त्यांचे पाहुणे आले. काकू गजरा माळून पहिल्या रांगेत.

मी माईकवरून जाहीर केलं, "आज आपले आप्पा बोलणार!" टाळ्याच टाळ्या! ऑपरेटरने मशीन सुरू केलं आणि मला म्हणाला, "मी चाय मारून येतो. कशाला हात नका लावू हां."

सिनेमा सुरू झाला. राजा ओरडतोय, राणी रडतेय, पण आवाज? शून्य!

मागून एक म्हातारी ओरडली, "काय रं पोरा, आवाज कुठं ठेवलास?"

आता तुम्हीच सांगा, नुकताच रेडिओ दुरुस्ती शिकलेला माणूस गप्प बसेल? आप्पा पुढे अगदी शांत बसलेत, एवढं बघून तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. छे! मी अँप्लिफायरचं झाकण काढलं, चार वायरी सोडल्या, आत फुंकर मारली.

ऑपरेटर परत आला आणि किंचाळलाच. "अहो, हे काय करून ठेवलंत? सिनेमा मुकाच आहे!"

"मुका? मग आप्पा?"

"सिनेमा मुका म्हणून बनवला, तो संपत आला तेव्हा कंपनीला आवाजाची हौस आली. शेवटच्या रिळातच बोलतात फक्त. मी रिळं बघतो, तुम्ही हे सगळं जोडा आधी!"

जोडलं की! टेबलाखाली बसून, अंधारात, घाम पुसत. शेवटी एक स्क्रू तेवढा हातात उरला. तोवर शेवटचं रीळ लागलंसुद्धा.

खजिन्याचं दार. दारात भाला घेऊन कोवळे आप्पा! काकू ताडकन उभ्या राहिल्या. "अगं बाई, हेच ते!" मांडव चिडीचूप. पडद्यावरच्या आप्पांनी छाती फुगवली, हात उगारला, तोंड उघडलं, आणि कर्ण्यातून आवाज घुमला:

"आईशप्पथ! हा स्क्रू कुठला उरला?"

हो, माझाच आवाज! कुठली वायर कुठे गेली देव जाणे, सिनेमाचा आवाज बंद आणि माझ्या शेजारचा माईक चालू. मला काय कल्पना? पडद्यावर आप्पा ऐटीत ओठ हलवतायत आणि टेबलाखालून मी, "मेलो रे! आता आप्पा मला सोडत नाहीत!"

लोक हसून हसून लोळायला लागले. रीळ संपेपर्यंत दुसरा आवाज काही आला नाही, आणि सकाळी सिनेमाची पेटी पुढच्या गावाला गेली. आप्पा तडक घरी निघून गेले. मला फार वाईट वाटलं हो. नवा कोट, एवढे पाहुणे, आणि इतकी वर्षं जपून ठेवलेलं ते वाक्य!

दुसऱ्या दिवशी तोंड लपवतच त्यांच्याकडे गेलो. काकू चहा गाळत होत्या.

"आप्पा, चुकलो. पण आता तरी सांगा, काय होतं हो ते वाक्य?"

आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग उठले, कोपऱ्यातली छत्री भाल्यासारखी धरली, छाती फुगवली, आणि काकूंच्या हातातली कपबशी हिंदकळेल अशा आवाजात गरजले,

"खबरदार! कशाला हात लावशील तर!"