घोडा बदलला तेव्हा

आमच्या काकूसमोर जुनं पिस्तूल ठेवलं की ती आधी पिस्तुलाकडे बघतच नाही, आणणाऱ्याकडे बघते. "आधी तुम्ही काय ऐकलंय ते सांगा," म्हणते. माणूस रंगात येऊन सांगतो, की हे अमक्या सेनापतीच्या कमरेला होतं, तमक्या लढाईत चाललं. काकू सगळं ऐकून घेते, मग चष्मा नाकावर चढवते आणि बहुतेकांचा सेनापती तिथल्या तिथे गारद करते. शस्त्रसंग्रहालयात ती कित्येक वर्षं हेच करत आली आहे. आपल्याला यातलं सगळं कळतं असं तिला वाटतं आणि, काय करणार, कळतंही.

ती आमच्या घरात सून म्हणून आली तेव्हा आजोबांनी बराच त्रागा केला होता. तिचे वडील कुलपं आणि बंदुका दुरुस्त करायचे, एवढाच तिचा गुन्हा. आमचं घराणं घोडेस्वारांचं, तिथे कानस घासणाऱ्याची मुलगी कशी चालेल? काका हट्टाला पेटला आणि लग्न झालं. आजोबा तिला वाईट वागवायचे असं नाही, पण भिंतीवरच्या पेटीतलं पिस्तूल त्यांनी तिला कधी हातात दिलं नाही. घरात शस्त्रांचं सगळ्यात जास्त कळणारी बाई, आणि तिने घरातलं एकुलतं एक शस्त्र काचेतून बघायचं. मला याचा भयंकर राग यायचा. काकू हसून सोडून द्यायची.

ते पिस्तूल आजोबांच्या पणजोबांचं. त्यांच्याबद्दल घरात एकच वाक्य चालत आलेलं: लढाईच्या वेळी त्यांनी घोडा बदलला. या एका वाक्यावर आजोबांनी अख्खी लढाई उभी केली होती. पहिला घोडा गोळी लागून कोसळतो, पणजोबा उडी मारून दुसऱ्यावर स्वार होतात, पिस्तूल झाडतात, शत्रू पळत सुटतो. दुसऱ्या घोड्याचा रंग दर वेळी वेगळा असायचा. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

यंदा संग्रहालयाने घोडदळाचं दालन नव्याने लावायला घेतलं आणि आजोबांनी पिस्तूल द्यायचं ठरवलं. अट एकच. खाली पाटी लागली पाहिजे: पणजोबांचं नाव आणि पुढे 'घोडेस्वार'. आजोबा नव्वदीला टेकलेले. ती पाटी डोळ्यांनी बघितली की मी सुटलो, असं ते येता-जाता म्हणायचे. पण तपासणी झाल्याशिवाय पाटी नाही, आणि तपासणी काकूकडे.

"दुसरं कोणी नाही का?" आजोबांनी विचारलं.

"आहे ना," काकू म्हणाली. "पण तो मलाच विचारायला येतो, मामंजी."

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल आहे, त्यावर जाड कापड अंथरलेलं आणि वर वाकवता येणारा दिवा. आजोबा खुर्चीत ताठ बसले, मी शेजारी. काकूने आधी नळीत लाकडी काडी घातली आणि ती आत किती गेली ते बाहेरून लावून पाहिलं. आत जुनी दारूगोळी अडकलेली नाही याची खात्री पटली, मग काम सुरू. नळीवरचा शिक्का बघायला गेली तर शिक्काच नाही. आजोबा आणि त्यांच्या आधीचे सगळे ते पिस्तूल इतक्या भक्तिभावाने घासत आले होते की शिक्का कधीच झिजून गेला होता. तुमच्या घराण्याने शत्रूला एक वेळ सोडलं असेल, या बिचाऱ्याला नाही सोडलं, असं काकू म्हणाली. मला हसू आवरेना. आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं की ते आवरलं.

मग तिने स्क्रू काढून नळी लाकडातून अलगद उचलली. नळीच्या पोटाखाली, जिथे कोणाचं फडकं पोचलं नव्हतं, तिथे सैन्याचा शिक्का जसाच्या तसा होता. मुठीच्या टोकाला कडी होती, घोड्यावरून पिस्तूल निसटू नये म्हणून दोरी बांधायची. म्हणजे घोडदळाचंच, आणि शिक्क्यावरून साधारण दोनशे वर्षांपूर्वीचं. आजोबांची छाती फुगली. मी काय सांगत होतो, असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

काकूचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. ज्या पोलादी पट्टीवर सगळी यंत्रणा बसते ती तिने सोडवली आणि दिव्याखाली बराच वेळ उलटसुलट केली. मग खुर्ची ओढून आजोबांच्या समोर बसली आणि सांगायला लागली. हे पिस्तूल मुळात गारगोटीचं. चाप ओढला की वरचा घोडा आपटायचा, गारगोटीची ठिणगी उडायची आणि दारू पेटायची. पावसात, वाऱ्यात ते हमखास दगा द्यायचं. पुढे आत स्फोटक भरलेल्या तांब्याच्या इवल्या टोप्या निघाल्या. घोडा टोपीवर आपटला की बार उडालाच. तेव्हा सैन्याने जुनी पिस्तुलं टाकून दिली नाहीत. कारागीर बसवले आणि त्यांच्याकडून घोडे बदलून घेतले.

पिस्तुलाच्या त्या आपटणाऱ्या तुकड्यालाही आपण घोडाच म्हणतो, हे इतक्या वर्षांत आमच्या घरात कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी स्वतःला फार शहाणा समजतो.

"म्हणजे ते..." आजोबा अडखळले.

"म्हणजे पणजोबांनी घोडा बदलला हे शंभर टक्के खरं आहे," काकू म्हणाली. "हा बघा, त्यांनी बदललेला."

पट्टीच्या आतल्या बाजूला टोकदार अवजाराने आमचं आडनाव कोरलं होतं, शेजारी कानशीच्या तीन खुणा. तशाच तीन खुणा घोड्याच्या आतल्या अंगाला. स्वार आपलं नाव मुठीवर मिरवतो, काकूने समजावलं. आत, पट्टी बसवली की कोणालाच दिसणार नाही अशा जागी, नाव लिहितो तो काम करणारा कारागीरच.

आजोबांचा चेहरा उतरला. ज्या माणसावर मी इतकी वर्षं चिडत आलो, त्याच्यासाठी माझा जीव तुटला. मी काकूला हळूच म्हटलं, लिहून टाक ना 'घोडेस्वार', कोणाचं काय जातंय.

"खोटी पाटी मी लावणार नाही," ती म्हणाली. "मामंजींसाठी तर नाहीच."

मग आजोबांनी विचारलं, "काम तरी नीट केलं होतं का त्यांनी?"

काकूने पट्टी त्यांच्या हातात दिली. गारगोटीची यंत्रणा काढली की पट्टीत तिची भोकं उरतात, ती पोलाद ठोकून बुजवावी लागतात, असं तिने सांगितलं. "बोट फिरवा. भोक कुठे होतं ते शोधा."

आजोबांनी डोळे मिटून बोट फिरवलं. मग नखाने.

"लागत नाही."

"मलाही नाही लागलं, भिंग घ्यावं लागलं. इतकं साफ माझ्या वडिलांनाही जमलं नसतं. आणि वडिलांबद्दल मी असं सहज म्हणत नाही."

आजोबा बोट फिरवतच राहिले. शेवटी म्हणाले, "घोडेस्वार नको. या पिस्तुलाचा घोडा यांनी बसवला, असं लिही."

काकूने पेन उचललं.

"आणि खाली तपासणारीचं नाव घाल," ते म्हणाले. "आडनावासकट. दोघांचं एकच आहे."