लक्ष्मणमामा आणि निळा धूर

लक्ष्मणमामांचं नाव आधी लिहितो, मग काय झालं ते. मी अजून मोखाड्यात आहे, गाडीवर आहे, आणि आईला फोनवर "सगळं बरं आहे" म्हणताना खोटं बोलावं लागत नाही, ते त्यांच्यामुळे.

जव्हारच्या बाहेर, मोखाड्याच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे वर पत्रे आणि बाजूला आंब्याचं झाड. धुराची तक्रार आली की बाकीचे मेकॅनिक बॉनेट उघडतात. मामा गाडीच्या मागे जातात. डबा उलटा घालून सायलेन्सरसमोर बसतात, पांढऱ्या कापडाचा तुकडा धुरात धरतात, हुंगतात, मग बोटांत चोळून बघतात, बाजारात बायका तांदूळ चोळून बघतात तसा. ड्रायव्हर घाईघाईनं बोलायला लागला की म्हणतात, "आधी रंग सांग, मग वेळ सांग. तुझं दुःख शेवटी."

मी परभणीकडचा. शाळा आठवीत सुटली. एका नातेवाइकाच्या मागं रस्त्याच्या कामावर इकडे आलो. काम संपलं, तो परत गेला, मी राहिलो. मोखाड्याच्या महादूबाबांनी मला त्यांच्या जीपवर ठेवलं. सीटा भरल्या की मोखाडा–जव्हार फेऱ्या मारायच्या, सुट्टीला पाहुणे आले की त्यांना जव्हारचं शिरपामाळ दाखवून आणायचं. झोपायला बाबांचीच पडवी, जेवायला त्यांच्याच घरचं ताट. म्हणजे काम गेलं की छप्परही गेलं आणि ताटही. हे मला रोज गाडी चालू करतानाच आठवायचं.

त्या दिवशी घाटाच्या चढावर आरशात पाहिलं तर मागचा रस्ताच दिसेना. नुसता निळसर धूर. मागच्या आजीनं पदर नाकाला लावला आणि ओरडली, "भाऊ, गाडीत चूल पेटवलीस का?" सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. हळूहळू जव्हारचा स्टँड गाठला, तिथं एका ड्रायव्हरनं लांबूनच निकाल दिला. "टर्बो गेला तुझा. ताणली असशील. आता मालक ठेवतोय होय तुला!" तेवढ्यावर न थांबता त्यानं महादूबाबांना फोन लावून तेच सांगितलं. बाबा दुसऱ्या जीपनं निघाले.

तशीच जीप मागे वळवून मामांचं गॅरेज गाठलं आणि उभ्या उभ्याच सुरू झालो. "मामा, मी ताणली नाही, आईशपथ, मी फक्त..."

"रंग?"

"निळा."

"कधी? सकाळी चालू करताना, का चढावर?"

"चढावर. दाबली की जास्त."

मामांनी मला गाडी रेस करायला लावली आणि कापड धरलं. "काळा असता तर डिझेल नीट जळत नाही म्हणालो असतो. हे तेल जळतंय. कुठून येतंय ते बघू. आणि तू बस रे परभणी. गाडी बीमार आहे, तू नाही."

टर्बो म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारा पंखा; त्याच्याकडे हवा नेणारा पाइप त्यांनी सोडवला. आतून तेल ठिबकलं. झालं, टर्बो गेलाच, मी म्हटलं. मामांनी आतल्या चिमुकल्या पंख्याला बोट लावलं, हलवून पाहिलं, फिरवून पाहिलं. "ठणठणीत आहे. टर्बोनं तेल सोडलेलं नाही. टर्बोकडे कुणीतरी तेल पाठवतंय. तेलाची पट्टी कोण बघतं?"

"बाबा. घरी, अंगणात. कमी दिसलं की घालतात."

बाबांचं घर मामांनी पाहिलेलं होतं. ते गालात हसले. जवळच्या पेट्रोल पंपाच्या सपाट फरशीवर जीप ढकलायला लावली. तेल खाली बसेपर्यंत पंपाबाहेर जाऊन बिडी ओढली. मग पट्टी पुसून आत घातली, बाहेर काढली आणि माझ्यापुढं धरली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर होतं.

आमच्याकडे सगळं रान सपाट, गाडी कुठंही उभी करा. इथं बाबांचं अंगण उताराचं. उतारावर तेल एका अंगाला सरकतं आणि पट्टी बिचारी कोरडी दिसते. हे माझ्या डोक्यात कधी येणार!

तेवढ्यात बाबा आले, ते तापूनच. "काय केलास माझे गाडीला?"

"बाबा, आधी बसा," मामा म्हणाले. "तेल किती घालता हिला?"

"बाजाराचे दिवशी थोडा थोडा. पट्टी सुकी दिसते ना. भाताचे आवणीला बैलाला नाय पाजत तेल? ही पण चढ चढते."

हसू दिसू नये म्हणून मी मान खाली घातली. मामा मात्र हसले नाहीत. "जपलंत हो चांगलं. पण बैल नको झालं की तोंड फिरवतो, हिला ते जमत नाही. जास्तीचं तेल इंजिन घुसळत बसतं, ते वाफेच्या नळीतून टर्बोत जातं. अजून थोडं घातलं असतंत तर हे इंजिन तेलावरच पळत सुटलं असतं. चावी काढली तरी थांबलं नसतं. आणि तेही घाटात."

बाबा माझ्याकडे वळले. "मंग पोरानं काय नाय केला?"

"काही नाही. दोष अंगणाचा आहे."

"अंगण तर माझे बापानं काढला."

"मग बापाशी भांडा. याला कशाला?"

बाबा खो खो हसले. मला रडू आलं, ते मी पंपाच्या नळावर तोंड धुवून घालवलं.

मामांनी जास्तीचं तेल काढलं, पाइप स्वच्छ केले. गाडी चालू केली तर परत थोडा धूर. मी दचकलो. "राहिलेलं जळू दे की," मामा म्हणाले. "भीतीसुद्धा एकदम जात नाही." मग तो धूर विरळ होत गेला. शेवटी त्यांनी धरलेलं नवं कापड पांढरंच राहिलं. बाबा पुढच्या सीटवर चढून बसले आणि म्हणाले, "चल, घरी भात निवतोय."

पुढं आभार मानायला गेलो तर मामांनी हाकललं. "रिकामा येऊ नको, धूर घेऊन ये."

सगळ्यांच्या गाड्या ते चालू करून देतात, पण त्यांची स्वतःची गाडी नाही. नाशिकला मुलीकडे जायचं तर पिशवी घेऊन एसटीची वाट बघत उभे असतात. कधीतरी माझी स्वतःची गाडी होईल. तिची पहिली फेरी मामांची. मुलीच्या दारात नेऊन उतरवीन, आणि त्या दिवशी बाकीच्या सीटा भरायची वाट बघणार नाही.