रडक्या गायकाची हळद
पिकल्या चिकूचा वास आला की मला घोलवडच्या आमच्या वाडीतली पॅकिंगची शेड आठवते. ट्रक यायची वेळ झाली होती, चिकू निवडणाऱ्या बायका दमल्या होत्या आणि मी स्पीकरवर माझा लाडका इंग्रजी रॉक अल्बम लावला होता. काळोखे सूर, जड ड्रम आणि जीव तोडून गाणारा गायक. "हा बापडा एवढा रडतो कशाला? बायको पळाली काय त्याची?" त्यांच्यातल्या वयस्कर मावशींनी विचारलं. मी हसून हो म्हणालो. "मग दुसरं लगीन लावू त्याचं!" म्हणत त्यांनी त्याच ठेक्यावर हळदीचं गाणं धरलं. बाकीच्या साथीला आल्या, हात भराभर चालू लागले आणि ट्रक येईपर्यंत खोके भरून तयार होते. आजही तो अल्बम लावला की मला त्या गायकाच्या गालांना हळद लागलेली दिसते.