विहीर मला आठवत होती

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो गेला. मुलाला नाही — तो आहे. तुम्ही माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातले नाही, म्हणून सांगता येतंय. चौथी शिकले आहे, जमेल तसं लिहिते.

आमचं गाव महाळुंग्याच्या अलीकडं. शिवेवर शेंदराचा एक दगड आहे, आमचा म्हसोबा. त्याचा मान आमच्या घराकडं. मी लग्न होऊन आले तेव्हा तो ओढ्याच्या पलीकडं होता. दर अवसेला दहीभात घेऊन मी एकटी ओढा ओलांडायची. सासूला दिसत नव्हतं, नवरा पिंपरीला शिफ्टला. एकदा अंगावरचं पोर घरी रडत होतं, ओढ्याला पाणी होतं — मी दगड पाटीत घातला आणि डोक्यावरून अलीकडं आणून ठेवला. तिकडं तेव्हा रानच होतं, कुणाला कळलं नाही. देव उचलला याचं मला काही वाटत नाही. त्याचं तो बघून घेईल. सांगायचंय ते वेगळंच.

आमच्या मागं रशीदचं गॅरेज होतं. मुलानं म्हसोबाला फरशीचं देऊळ बांधलं, तेव्हा जाळीचं दार रशीदनंच वेल्डिंग करून दिलं. मला काकू म्हणायचा.

तीन वर्षांमागं मोजणीची बाई आली. कंपन्यांच्या गाड्यांसाठी शिवेलगतची जुनी पाणंद मोकळी करायची होती. ती कुठून जायची ते फक्त जुन्या नकाशात. ओढाही कंपन्यांनी कधीच वळवलेला. बाईनं त्या नकाशाचा फोटो लॅपटॉपमध्ये घेतला होता आणि वरून काढलेल्या आजच्या चित्रावर तो ती बसवत होती — चादरीची टोकं ओढून पसरावी तशी. त्याला दोन्हीकडं सापडतील अशा चार खुणा धरल्या होत्या. मारुतीचं देऊळ, चावडी, बुजवलेली विहीर आणि शिवेचा दगड. विहिरीची जागा सकाळी मीच काठी टेकवून दाखवली. खरी दाखवली.

दुपारी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली.

"आजी, नकाशा बसत नाही. चारातली एक खूण चुकतेय. कोणती, ते लॅपटॉप सांगत नाही."

मुलगा म्हणाला, "म्हसोबा काय चालत जातोय व्हय मॅडम? म्हातारीची विहीर सरकली आसंल."

सगळे हसले. रशीदही हसला.

"आजी, विहिरीची खात्री आहे ना?"

त्या विहिरीचं पाणी मी वीस वर्षं शेंदलं. डोळे बांधून सोडलं तरी जाऊन उभी राहीन. आणि काय बोलले?

"न्हाई गं बाई. आता नीट आठवत न्हाई."

तिनं विहीर काढून टाकली. नकाशा लगेच बसला — तीनच टोकं धरली की चादर कशीही ताणून बसते. पाणंदीची रेघ सरकली ती रशीदच्या शेडवरून गेली. मला कळलं का? कळलं. नकाशा वाचता येत नाही, पण पत्रा कुणाचा ते ओळखता येतं.

तेव्हाच बोलता आलं असतं. भीती तरी कशाची होती — सत्तरीच्या बाईला कोण मारतंय? देवळात नारळाचा पहिला मान माझा, तो गेला असता. देव पाटीत घालून आणणारी म्हणून गावातल्या सुना हसल्या असत्या. एवढंच. एवढ्यासाठी मी माणसाचं दुकान जाऊ दिलं.

शेड पाडली. रशीद आता तळवड्यात दुसऱ्याच्या हाताखाली आहे — पन्नाशीचा माणूस. टेम्पोत सामान भरून झाल्यावर तो दारात आला. भांडायला नाही.

"काकू, तुम्ही जुन्या. पाणंद खरंच इथनं जायची का?"

मी पीठ मळत होते. हात थांबवला नाही.

"व्हय," म्हणाले. "इथनंच."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि गेला.