कोरडी लोकर

थोरली लोकरीच्या गोदामात बावीस वर्षं निवडणीच्या टेबलाशी उभी राहत आली होती. पाठीची लांब लोकर एका टोपलीत, मानेची दुसरीत आणि पोटाची-शेपटीची, शेणामातीने लडबडलेली, ती खाली जमिनीवर. ही जमिनीवरची लोकर कुणालाच नको असायची. थोरली ती पोत्यात कोंबून घरी आणायची आणि घरामागच्या बागेत झाडांच्या बुंध्याशी अंथरायची. ऊन भाजून काढायचं, तरी तिची वांगी नि टोमॅटो टवटवीत असायचे. गोगलगाई त्या खरखरीत गादीकडे फिरकायच्याही नाहीत.

धाकट्या जावेने मात्र पहिल्या दिवसापासून नाक मुरडलं. "ताई, घरात मेंढरं आणून बांधलीत की काय? जीव गुदमरतो हो!" सासूबाईंनीही तिचीच री ओढली. ओली लोकर वास मारते हे खरंच होतं. म्हणून थोरली पहाटे, धाकटी अंथरुणात लोळत असताना, लोकर पिंपात बुडवायची, आधी मातीला पोटभर पाणी पाजायची, मग चिंब लोकर पसरून तिच्यावर बोटभर माती लोटायची. धाकटी डोळे चोळत खिडकीशी येईतोवर सगळं आवरलेलं असे.

थोरलीचा नवरा गेला आणि वर्षाच्या आत दिराने घराची वाटणी केली. बाग धाकटीकडे गेली. थोरलीच्या वाट्याला भिंतीलगतची दगडगोट्यांची पट्टी आली. "तुम्ही दिवसभर कामावर असता वहिनी, बाग कोण बघणार?" दीर म्हणाला, आणि तेही तिच्याच बागेतली काकडी खात खात. बारा वर्षं तिने ती माती हाताने घडवली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनात म्हणाली, थांबा, तुम्हाला बघतेच.

बघून घ्यायला तिला फार काही करावं लागलं नाही. झाडं लोकरीवर तगतात एवढं धाकटीने पाहिलं होतं; उन्हाळा लागताच तिने शेडमधली थोरलीची लोकरीची पोती न विचारता ओढून नेली. हातात रबरी मोजे चढवले, नाकाला रुमाल बांधला आणि कोरडीच लोकर कोरड्या मातीवर वीतभर जाड थापत सुटली. वरून झारीने पाणी. न धुतलेल्या लोकरीत मेंढीच्या अंगचं तेल असतं. पाणी तिच्यावरून ओघळून सरळ पायवाटेवर गेलं. थोरली खिडकीतून बघत होती. "आधी भिजव," एवढे दोन शब्द पुरले असते. ते तिने गिळले आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

पंधरा दिवसांत वांग्यांनी माना टाकल्या. धाकटी दोन वेळचं पाणी चार वेळा घालू लागली. लोकर उचलून खाली बघायचं तिला सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्या घाणीला हात कोण लावणार? थोरली कामावरून आली की मुद्दाम वळसा घालून बागेच्या कडेने जायची. सुकलेलं एकेक पान बघून तिचा जीव सुखावायचा. याची आपल्याला लाज वाटायला हवी, असं तिच्या मनात यायचं, पण वाटायची नाही.

एका सुट्टीच्या दिवशी दीर वैतागला. "मातीतच दम उरला नाही. फरशी टाकून मोकळे होऊ, गाडी तरी उभी राहील."

धाकटी रडकुंडीला येऊन थोरलीच्या दारात उभी राहिली. "ताई, हे बागेवर फरशी टाकायला निघालेत. तुमच्या वेळी कसं जगायचं हो सगळं? काहीतरी सांगा ना. हवं तर अर्धी बाग तुम्ही घ्या."

फरशीचा विचार थोरलीने केलाच नव्हता. लोकरीखालची माती अजून जिवंत होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? बोलली असती तर अर्धी बाग तिची होती. पण उरलेली अर्धीही हिरवीगार झाली असती आणि तिच्यात धाकटी मिरवली असती. तेवढं मात्र तिला सोसवणार नव्हतं.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "मी तर दिवसभर कामावर असायचे."

गवंडी आला त्या दिवशी थोरलीने रजा टाकली. तिला डोळ्यांनी बघायचं होतं. त्याने लोकर गुंडाळून कोपऱ्यात फेकली, माती धोपटून सपाट केली आणि सिमेंट कालवायला पाण्यासाठी हाक मारली. धाकटी आत रडत बसली होती, तिला ऐकू गेलं नाही. थोरली उठली. बादली काठोकाठ भरून तिनेच ती नेऊन दिली.